एक प्रत साडूकडे

कर्जतमध्ये 'बँकर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला जोडतात ती इंजिनं म्हणजे बँकर, आणि छत्तीस वर्षं बँकेत घासून निवृत्त झालेला मी, तोही बँकरच. स्टेशनात कुणी "आला, बँकर आला" असं ओरडलं की अजूनही माझी मान वळते. लोक बघत असतात गाडीच्या शेपटाकडे. मग मीही मुळात वड्याच्या स्टॉलकडेच बघत होतो, असं दाखवतो.

निवृत्तीनंतर माणसाला सांभाळायला काहीतरी लागतं. कुणी नातवंडं सांभाळतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद, कुणी गुडघे. मी डेटा सांभाळतो. याला कारण २६ जुलै २००५. त्या दिवशी उल्हास नदी दहिवलीतल्या आमच्या घरात आली. रीतसर पुढच्या दाराने आली, कपाटाच्या खालच्या खणापर्यंत चढली आणि रात्रभर मुक्काम करून गेली. खालच्या खणात फोटोंचे अल्बम होते. चिखल धुऊन आम्ही ते वाळत घातले, पण पानाला पान असं चिकटलं होतं की सोडवताना चेहऱ्यांची अदलाबदल व्हायला लागली. लग्नाच्या अल्बमात मी आणि बायको समोरासमोरच्या पानांवर होतो. उलगडायला गेलो तर माझं अर्धं नाक तिच्या गालावर राहिलं.

"लग्नात एवढे जवळ आला नव्हतात," ती म्हणाली.

जे वाचलं ते मी स्कॅन केलं. मग कॅसेटी, मग सातबारे, मग मुलीच्या प्रगतिपुस्तकांची पानं. मग मोबाइल आले आणि माझ्या हाताबाहेरचा महापूर सुरू झाला. एका वड्याचे नऊ फोटो. सकाळच्या गुलाबांचे चारशे. हे सगळं तीन जुन्या संगणकांत, पाच पेनड्राइव्हांत आणि एका बिस्किटाच्या डब्यात पसरलेलं होतं. दिवाळीला पुण्याहून भाचा आला. तो हिंजवडीत आयटीत आहे. डबा बघून म्हणाला, "मामा, तू आता नॅस घे."

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवरचं साठवणीचं कपाट. छोटी पेटी, तिच्यात खण, खणात हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवरून त्यात टाकावं आणि काढावं. बायकोने शब्द नीट ऐकला आणि म्हणाली, "नास? पैसे देऊन?"

ज्या घरात दूध नासलं तरी तीन दिवस चर्चा चालते, त्या घरात हे नाव रुजणं कठीण होतं. पण पेटी आली. चार खणांची आली, कारण मी दोनच्या बेताने दुकानात गेलो होतो आणि दुकानदार चारचा होता.

खरा प्रश्न पुढेच होता. चार डिस्क लावायच्या कशा? या रचनेला रेड म्हणतात. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी एक निबंध लिहून हे नाव रूढ केलं. एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात, एखादी मेली तरी गाडा चालत राहावा, असं त्यांचं म्हणणं. नावातलं आय हे अक्षर तेव्हा 'स्वस्त' या अर्थी होतं. पुढे विकणाऱ्यांनी त्याचं 'स्वतंत्र' करून टाकलं. किंमत बघितल्यावर या दुरुस्तीतला प्रामाणिकपणा पटतो.

भाच्याने जेवणाच्या टेबलावर चार वाट्या मांडून मला प्रकार समजावले. रेड शून्य: फाइलचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटायचे. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. शून्य हे नाव इथे खरं बोलतं. मागे तेवढंच उरतं. रेड एक: या डिस्कवर जे, तेच त्या डिस्कवर. रेड दहा: अशा जोड्यांची जोडी. रेड पाच मात्र मला ऐकताक्षणी कळलं, आणि भाच्याला धक्का बसला. अहो, ती आमची खतावणी! तीन रकान्यांत आकडे, चौथ्यात बेरीज. कुठल्याही एका रकान्यावर चहा सांडू द्या, बेरजेतून उरलेले दोन वजा केले की सांडलेला आकडा हजर. (अगदी बेरीज नसते ती, बेरजेची चुलत बहीण असते, आणि ती एकाच डिस्कवर न बसता चारही डिस्कवर फिरत राहते. पण चहाचा हिशेब तोच.) रेड सहामध्ये दोन वेगवेगळ्या बेरजा, म्हणजे दोन रकान्यांवर चहा चालतो. आमच्या शाखेला रेड सहाच लागलं असतं.

चार टीबीच्या चार डिस्क. रेड पाचमध्ये वापरायला बारा टीबी, रेड सहात आठ, रेड दहातही आठ. यावर मी तीन आठवडे काढले. वहीत तक्ते केले. सकाळच्या फेरीत मित्रांची मतं घेतली. त्यातल्या एकाला रेड म्हणजे आयकरवाले वाटले आणि तो त्या दिवसापासून माझ्याशी जरा आदराने वागतो. चार टीबीची डिस्क संगणकात ३.६३ दिसते, हे कळल्यावर तर मी दुकानदाराला फोन केला. कंपनी हजाराने मोजते आणि संगणक १०२४ ने, असं तो म्हणाला. आमचा गवळीही लिटरबद्दल असंच काहीसं सांगायचा.

चौथ्या आठवड्यात भाच्याने विचारलं, "मामा, तुझा डेटा आहे तरी किती?"

मोजला. साडेपाचशे जीबी. बिस्किटाच्या डब्यासकट.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

डिस्कच्या खरेदीतही एक शहाणपण आहे, तेवढं सांगतो. चारही डिस्क एका दुकानातून, एका खोक्यातून घेऊ नयेत. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात जन्मलेल्या डिस्कना एकाच सुमाराला जाण्याची खोड असते. म्हणून मी एक पनवेलला घेतली, एक कल्याणला, एक पुण्याला आणि एक कर्जतच्याच दुकानात. दुसरं, डिस्क कौलारू नाही ना, ते बघावं. शिंगल्ड नावाच्या प्रकारात जास्त मजकूर मावावा म्हणून चुंबकी पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, अगदी आपल्या छपरावरच्या मंगलोरी कौलांसारख्या. वाचायला हरकत नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली आधी उचलावी लागतात, हे मे महिन्यात घर शाकारलेल्या कुणालाही माहीत आहे. रेडमध्ये नवी डिस्क भरताना असल्या डिस्कची दमछाक होते. २०२० साली उघड झालं की खास नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क गुपचूप या कौलारू जातीच्या होत्या. लेबलावर चकार शब्द नव्हता.

पेटी आम्ही देव्हाऱ्याशेजारच्या फडताळावर ठेवली, कारण २००५ चं पाणी तिथवर पोहोचलं नव्हतं. निळे दिवे लुकलुकायला लागले. दसऱ्याला बायकोने यंत्राची पूजा केली: हळद, कुंकू, आपट्याची पानं, झेंडू. नास म्हणून हिणवलेल्या पेटीला तिने पहिल्यांदाच मान दिला होता, म्हणून मी काही बोललो नाही. झेंडूच्या पाकळ्या मागच्या पंख्यात गेल्या हे आठ दिवसांनी कळलं. तोवर आतलं तापमान प्रसादाचा शिरा गरम ठेवण्याइतकं झालं होतं.

त्यानंतरच्या एका रात्री आवाज सुरू झाला. चुक्. चुक्. चुक्.

"पाल चुकचुकतेय," बायको म्हणाली. "काय बोलत होता तुम्ही? खरं होणार."

मी त्या वेळी 'आता आपला डेटा अगदी सुरक्षित आहे' असं बोलत होतो.

बॅटरी घेऊन आम्ही पाल शोधली. ट्यूबलाइटमागे शोधली, देवांच्या फोटोंमागे शोधली. भिंतीवर एक पाल होती खरी, पण ती गप्प बसून फडताळाकडेच बघत होती. चुकचुकत होती तिसऱ्या खणातली डिस्क. मरायला टेकलेल्या डिस्कचं डोकं जागा चुकतं, परत जातं, पुन्हा येतं, पुन्हा चुकतं. तो हा आवाज. शंकेची पाल म्हणतात ती मी प्रत्यक्ष कानांनी ऐकली, आणि ती कर्जतच्याच दुकानातली निघाली.

पण आम्ही शेवटी लावलं होतं रेड पाच! एका रकान्यावर चहा सांडला होता एवढंच. सकाळी नवी डिस्क आणून घातली, पेटी बेरजा-वजाबाक्या करायला बसली. पडद्यावर आकडा आला: अजून अठरा तास. या अठरा तासांत दुसरी डिस्क गेली असती तर सगळंच गेलं असतं, आणि उरलेल्या तिघी त्याच वेळी जिवाच्या आकांताने राबत असतात. अठरा तास सलग लाईट राहणं हा आमच्याकडे योग असतो. गंमत बघा: टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. आमच्या डोंगरातून पाणी पडलं आणि मुंबईच्या गिरण्या फिरल्या. वीज आमच्याकडे जन्मते आणि मुंबईला नांदायला जाते. माहेरी यायला तिला सवड नसते. यूपीएस वीस मिनिटं तग धरतो. मी खुर्ची टाकून पेटीसमोर बसून राहिलो. बायकोने दर दोन तासांनी चहा दिला, पेटीपासून लांब धरून. लाईट दोनदा गेली, दोन्ही वेळा विसाव्या मिनिटाच्या आत आली. पहाटे हिरवा दिवा लागला आणि मी देव्हाऱ्याला नमस्कार केला. अंतर कमी असल्यामुळे तो पेटीलाही पोहोचला असावा.

भाच्याला विजयाची बातमी कळवली. तो म्हणाला, "छान. पण मामा, रेड म्हणजे बॅकअप नव्हे."

हे वाक्य आयटीतली माणसं आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं म्हणतात, आणि तितक्याच माणसांना ते कळतं. मला ते स्टेशनावर कळलं. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट. वर जाताना मागून बँकर लागतात. एक इंजिन दमलं तरी गाडी चढत राहावी. ते रेड. पण घाट उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर बँकर काय करणार? त्यासाठी घाटात कॅच सायडिंग असते: मुख्य मार्गाला फुटलेला, डोंगरात वर चढत जाणारा आंधळा फाटा. सुटलेली गाडी त्यात शिरते आणि चढावर दमून थांबते. तो बॅकअप. आणि त्यातली बारीक गोष्ट अशी की काटे नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी आधी थांबून ब्रेक ठीक असल्याचं दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. आम्ही बॅकअप घेणारे मात्र ब्रेक तपासतो तो घसरायला लागल्यावर.

भाच्याला क्लाउड हवा होता. २०२३ पासून सोलापूरची वंदे भारत बँकर न लावता घाट चढते, तसा तो प्रकार. मी हिशेब मांडला. आमच्याकडून वर चढवायचा वेग, पाऊस नसताना, सेकंदाला ५ मेगाबिट. साडेपाचशे जीबीला सलग दहा दिवस. पावसाळ्यात वडाची फांदी केबलवर पडते, तेव्हा किती, ते वडाला विचारावं. उलट तेवढीच डिस्क डब्यात घालून कर्जत-खोपोली लोकलमध्ये बसलो तर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली, अर्धा तास. भागाकार केला तर सेकंदाला जवळजवळ अडीच गिगाबिट पडतात. एवढा वेग हिंजवडीतल्या घरीही येत नाही. गाडी चुकली तर मात्र बाकावर बसावं लागतं.

खोपोलीला माझे साडू असतात.

तीन प्रती, दोन तऱ्हांच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा या धंद्यातला ३-२-१ चा नियम आहे. बँकेतही रोजची टेप दुसऱ्या शाखेत जायची. १६६१ साली मुघल सरदार कारतलबखान खोपोलीच्याच खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत सापडला, कारण वाट एकच होती आणि तिची दोन्ही तोंडं शिवाजी महाराजांनी धरली होती. तेव्हा दुसरी वाट हवी. भाचा म्हणाला, ऑफसाइट म्हणजे एकाच संकटात दोन्ही जागा सापडायला नकोत. मी नकाशा उघडला. आमची उल्हास वसईच्या खाडीला जाते, साडूंची पाताळगंगा धरमतरच्या. दोघींची कुठे भेट नाही. आम्हा साडूंचीही एरवी नव्हती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी डिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालून नेऊ लागलो. साडू ती कपाटात त्यांच्या सफारीच्या कपड्यांखाली ठेवायचे आणि आधीची परत द्यायचे. मेहुणी त्याच डब्यात काहीतरी भरून पाठवायची. एकदा दोन डब्यांची गल्लत झाली आणि महिनाभर कपाटात सफारीखाली ओल्या नारळाच्या करंज्या राहिल्या. तो महिना माझा बॅकअप शब्दशः नासला. याला हसणाऱ्यांनी १९९८ ची गोष्ट आठवावी: पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' हा अर्धा झालेला सिनेमा एका चुकीच्या आज्ञेने पुसला गेला, बॅकअप बघितला तर तोही कामाचा नाही. वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करायच्या आणि घरच्या संगणकात प्रत होती. तो संगणक दुपट्यात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवरून आणला. माझ्या टॉवेलाला परंपरा आहे.

आणि मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, मी आवराआवर केली. 'जुनं' नावाचा एक फोल्डर होता आणि 'जुनं २' नावाचा दुसरा. दुसरा ही पहिल्याची नक्कल आहे असं मला वाटलं. तो पुसला. बँकेची शिस्त म्हणून कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. चारही डिस्कनी आज्ञा तत्परतेने पाळली, बेरजा जुळवून घेतल्या, हिरवा दिवा लावला. माणूस चुकला तर रेड सांभाळून घेत नाही, डिस्क गेली तरच घेतं. कपाळावरचं कुंकू पुसताना आरशातली बाई कधी "थांब हं" म्हणाली आहे का?

"स्नॅपशॉट चालू होते ना?" भाच्याने विचारलं.

"म्हणजे काय, चाळीस हजार फोटो आहेत."

तो ज्या स्नॅपशॉटबद्दल विचारत होता ते वेगळे. पेटी ठरावीक वेळाने आपल्या पोटातल्या स्थितीची खूण करून ठेवते आणि कालच्या स्थितीला परत जाता येतं, असं काहीतरी. ते चालू करायचं एक बटण होतं. अजूनही आहे.

पुढची लोकल पकडून खोपोली गाठली. साडू म्हणाले, "या या, पण आज पहिला रविवार कुठे?" सफारीखालून डिस्क निघाली. माझ्या संगणकाला लावली. संगणकाने पासवर्ड विचारला.

साडूंनी घरातले फोटो चाळू नयेत, विशेषतः त्यांच्याच वरातीतले, म्हणून मी डिस्कला कुलूप लावलं होतं. पासवर्ड चांगला बावीस अक्षरी होता, विसरू नये म्हणून फाइलमध्ये लिहून ठेवला होता, आणि ती फाइल 'जुनं २' मध्ये होती.

महानुभाव पंथाची आठवण झाली. म्हाइंभटांनी लिहिलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली. पण हिराइसेसारख्यांना ते पाठ होतं म्हणून पुन्हा लिहून काढता आलं. वेगवेगळ्या आठवणींतून उभं राहिलं, म्हणून त्याचे पाठही वेगवेगळे. तेव्हाचा बॅकअप माणसांच्या डोक्यात असायचा आणि परत आणताना थोडा बदलायचा. पण पुढे याच पंथाने पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून. ते कुलूप इतकं पक्कं निघालं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्याची उकल करेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना त्यातलं अक्षर लागलं नाही. पासवर्ड हरवला की राजवाडे जन्माला येण्याची वाट बघावी लागते.

बायकोला फोन केला. "एक लांबलचक काहीतरी मी तुला एकदा लिहून घ्यायला सांगितलं होतं का?"

"तुम्ही काय, रोजच सांगता." मग जरा थांबून, "ते इंग्रजी आणि आकडे? गेल्या वर्षीच्या कालनिर्णयवर आहे. एप्रिलच्या पानावर, गॅसच्या नंबरखाली."

"आणि कालनिर्णय?"

ते लोणच्याच्या फडताळात अंथरलेलं होतं. वर कैरीची बरणी. तिने बरणी उचलली, पान सोडवलं आणि तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावरून अक्षरं वाचायला लागली. एका ठिकाणी शून्य आहे की ओ आहे की मोहरीचा दाणा, यावर आमचा वाद झाला. तिन्ही करून बघायचे ठरले. दुसऱ्याच प्रयत्नात उघडलं.

'जुनं २' मध्ये काय होतं ते तेव्हा बघितलं. सातबाऱ्यांच्या दुसऱ्या प्रती. वाचलेल्या अल्बमाची पानं, माझ्या नाकासकट. आणि एक आवाजाची फाइल, २००८ च्या माघातली. आईचा आवाज. ती पोपटी कशी लावायची ते सांगत होती. साडू, मेहुणी आणि मी संगणकापुढे वाकून ऐकत राहिलो. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा, मग वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, शेंगांत बटाटे, अंडी, पुन्हा पाला; पाण्याचा थेंब नाही. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती, आणि आमच्या जुन्या विहिरीचा रहाट. मेहुणी कागद शोधत होती. मडकं उपडं कसं घालायचं आणि जाळ किती वेळ ठेवायचा, हे आई आता सांगणार, इतक्यात ती थांबली. मग आवाज आला:

"अरे, ते यंत्र बंद कर आधी. त्याचा काय भरवसा? कागद घे, कागदावर लिही."

आणि तिथे रेकॉर्डिंग संपतं. तेव्हा मी आईचं ऐकत असे.